सही आईची, धंदा मुलाचा
‘सतरा वर्षांच्या मुलाची कंपनी म्हणजे बापाचा पैसा आणि मुलाचा फोटो’ असे एक मत ऐकायला मिळते; ते मला अर्धेच पटते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीने, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलाने, केलेला करार सामान्यतः रद्दबातल ठरतो आणि २०१३ च्या कंपनी कायद्यात व्यवस्थापकीय संचालकाचे किमान वय २१ आहे. त्यामुळे कागदोपत्री पालकांचे नाव असणे हा बहुधा नाइलाज असतो.

पिंपळगाव बसवंतचा ओळखीतला एक मुलगा सतराव्या वर्षापासून बेदाणे ऑनलाइन विकतो. जीएसटी नोंदणी आणि चालू खाते आईच्या नावावर आहे. परंतु पावसात भिजलेला माल परत आला तेव्हा कुरिअरवाल्याशी भांडण्यापासून रात्री पाव किलोची पाकिटे पुन्हा भरण्यापर्यंत सगळे त्यानेच निस्तरले. (काटा हलू नये म्हणून खाली दहावीची जुनी वही सरकवलेली होती.)

शंका घ्यायचीच तर हिशेबावर घ्यावी. अमेरिकेतल्या एलिझाबेथ होम्सने २००३ मध्ये एकोणिसाव्या वर्षी थेरानोस ही रक्तचाचणीची कंपनी काढली, पण २०२२ मध्ये ती दोषी ठरली ती गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल. म्हणून मी त्या मुलाला एवढेच विचारले, की शेतकऱ्याचे पैसे किती दिवसांत देतोस? तो म्हणाला, “रोख. मला उधार कोण देतंय, काका?”