शेकोटीला नदीतले गोटे नकोत
शेकोटीच्या खड्ड्याभोवती नदीतले गोटे रचायचा सल्ला कुणी दिला, तर तो मात्र ऐकू नका. गोट्यात मुरलेल्या पाण्याची तापल्यावर वाफ होते आणि दगड फुटतो. आमच्या परसात असाच एक सुतळी बॉम्बसारखा तडकला, कपची थेट आईच्या शालीत! तेव्हापासून भट्टीच्या विटा वापरतो.

विझवताना नुसती माती लोटून भागत नाही, खाली निखारे सकाळपर्यंत धुमसतात. बादलीभर पाणी ओता (जरा बाजूला उभं राहून, वाफ सणकून येते), काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग वरून पालथा हात धरून ऊब लागत नाही ना ते बघा.

आणि थंडी कितीही असो, निखाऱ्यांचं घमेलं खोलीत घेऊन दारं लावून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, कळतसुद्धा नाही.