वॉरंटी शिल्लक असताना ईसीयू रीमॅप करावा का? अनुभवी लोकांचा सल्ला हवा

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. मी नाशिकचा. गाडी डिसेंबर २०२३ ची, एक लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. ४१ हजार किलोमीटर झाले. कंपनीची वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, आणि वर पैसे भरून दोन वर्षांची वाढीव घेतली आहे.

आठवड्यातून दोनदा कसारा घाट होतो. गाडीत आई-बाबा, दोन मुलं, एसी चालू, पुढे कंटेनर. तिसऱ्यात ठेवली तर १८०० च्या खाली गाडीत जीवच राहत नाही, दुसऱ्यात टाकली तर इंजिन ओरडतं. ओव्हरटेक करताना पोटात गोळा येतो. एका ट्यूनरने स्टेज १ रीमॅपचे, म्हणजे ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याच्या पहिल्या पायरीचे, ३० हजार सांगितले. म्हणाला, "सर्व्हिसच्या आदल्या दिवशी या, परत स्टॉक (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) करून देतो, कंपनीच्या बापाला कळणार नाही." दुसरा म्हणतो रीमॅप नको, ट्यूनिंग बॉक्स लाव, दहा मिनिटांत निघतो.

प्रश्न सरळ आहे: यातलं काहीही केलं तर वॉरंटी खरंच जाते का? गेली तर पूर्ण जाते की इंजिनापुरती? गाडीचं कर्ज अजून फिटायचं आहे, त्यामुळे मोठा खर्च अंगावर आला तर झेपणार नाही.

टॉपगिअर_सातारा
मी केलाय. दोन वर्षं झाली, ३५ हजार किमी फिरलो, काही झालं नाही. गाडी वेगळीच वाटते. बिनधास्त करा.

स्कॅनरवाला
मी अठरा वर्षं गॅरेज लाइनमध्ये आहे, त्यातली सात अधिकृत वर्कशॉपमध्ये काढली. "कळणार नाही" हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून आलेली माणसं मी काउंटरवर बघितली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रीमॅप म्हणजे ईसीयूमधली फाइल बदलणं: बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) किती, इंधन किती, इग्निशन कधी, टॉर्कची मर्यादा कुठे. फाइल लिहिली गेली की बऱ्याच ईसीयूमध्ये एक मोजणी पुढे सरकते, की आजवर किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं. तुम्ही स्टेज १ केलं तेव्हा एक, स्टॉक केलं तेव्हा आणखी एक. कंपनीच्या नोंदीत गाडीला एकही अपडेट दिलेलं नाही आणि ईसीयू सांगतोय दोनदा लिहिलं गेलं. आता फाइल मूळची असून उपयोग काय? शिवाय सॉफ्टवेअरची स्वतःची एक पडताळणी संख्या असते, ती ओबीडी (गाडी तपासायच्या) सॉकेटमधून कोणताही बरा स्कॅनर वाचतो. काही कंपन्यांचे स्कॅनर थेट सर्व्हरशी बोलतात आणि संख्या जुळली नाही की गाडीच्या चासी नंबरवर कायमचा शेरा पडतो. फोक्सवॅगन-ऑडी गटाचा 'टीडी१' हा शेरा जगभरच्या ट्यूनिंगवाल्यांना ठाऊक आहे. तो एकदा बसला की कोणत्याही डीलरकडे गाडी न्या, आधी तोच दिसतो.

आणि नेहमीच्या सर्व्हिसला सहसा कोणी एवढं खोल बघत नाही, हेही खरं सांगतो. टॉपगिअर यांचं दोन वर्षं निभावलं ते त्यामुळेच. पण टर्बो किंवा इंजिनचा मोठा क्लेम आला की कंपनीचा माणूस डेटा मागवतो, आणि तेव्हा सगळं बघितलं जातं. म्हणजे ज्या दिवशी वॉरंटी लागते, नेमकी त्याच दिवशी तपासणी होते.

ट्यूनिंग बॉक्सचं वेगळं. तो ईसीयूला हात लावत नाही, मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो की दाब कमी आहे. ईसीयू बिचारा दाब वाढवतो. मोजणी सरकत नाही हे बरोबर, पण ईसीयू चुकीच्या आकड्यावर इंजिन सांभाळत असतो, म्हणून मला तर हा प्रकार रीमॅपपेक्षा जास्त नको वाटतो. शिवाय खुणा राहतात. सेन्सरच्या कनेक्टरला नखाएवढी प्लास्टिकची कुलूपपट्टी असते. उन्हाने, उष्णतेने ती कडक होते आणि दोन-चारदा काढघाल केली की तिला पांढरी चीर पडते. ४० हजार किमीच्या गाडीत त्या कनेक्टरला हात लावायचं कारणच नसतं. अनुभवी मेकॅनिक बॉनेट उघडून आधी तिकडेच बघतो.

आता तुमचा मूळ त्रास. १८०० च्या खाली टर्बो फिरवायला पुरेसा एक्झॉस्टच येत नाही. तिथे स्टेज १ ने फार फरक पडत नाही, वाढ दिसते ती २००० च्या पुढे. उलट डायरेक्ट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात खालच्या आरपीएमला जबरदस्तीने बूस्ट ओतला तर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटायचा धोका वाढतो. तो धक्का पिस्टन फोडू शकतो. म्हणजे जिथे तुम्हाला ताकद हवी तिथे ती मिळणार नाही, आणि वॉरंटी मात्र पणाला लागेल.

सिंहगडरोड
स्कॅनरवाला यांना अनुमोदन. माझी हकीकत सांगते, कंपनीचं नाव घेत नाही.

डिझेल गाडी, २६ हजार किमीला स्टेज १ केला. चौदा महिने मजेत गेले. मग खंबाटकीत मागून काळा धूर, शिट्टीसारखा आवाज, गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद आपोआप कमी). टर्बो गेला. टो करून वर्कशॉपला नेण्याआधी मी ट्यूनरकडून फाइल स्टॉक करून घेतली, म्हणजे वर खोटेपणाही केला. सहाव्या दिवशी अ‍ॅडव्हायझरने दोन पानी प्रिंटआउट समोर ठेवला. त्यात प्रोग्रॅमिंगची तारीख होती, टो केल्याच्या आदल्या दिवसाची. माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. ९२ हजार बिल झालं.

दोन गोष्टी मात्र धागाकर्त्याला सांगण्यासारख्या. एक, त्यांनी लेखी नकार फक्त इंजिन, टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्ससाठी दिला. पुढच्या वर्षी पॉवर स्टिअरिंगची मोटर आणि इन्फोटेन्मेंटचा स्क्रीन वॉरंटीतच बदलून मिळाला. दोन, त्याच ट्यूनरला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, टर्बो आधीपासून वीक असणार." असेलही. पण ते आता सिद्ध कोण करणार? फाइल बदलून मीच तो पुरावा पुसला होता.

कलम_आणि_काटा
मी ग्राहक आयोगात वकिली करते. हा सर्वसाधारण सल्ला समजा, प्रत्येक प्रकरण वेगळं असतं.

आज गाडीच्या ग्लव्ह बॉक्समधून वॉरंटी पुस्तिका काढा आणि "काय समाविष्ट नाही" हे पान वाचा. शब्दांकडे बारीक लक्ष द्या. एका प्रकारची भाषा अशी असते: 'फेरफारामुळे झालेलं नुकसान समाविष्ट नाही.' दुसरी अशी: 'फेरफार केलेल्या वाहनाला ही वॉरंटी लागू नाही.' वरवर सारखंच वाटतं, पण पहिल्यात फेरफार आणि बिघाड यांचा संबंध असावा लागतो. दुसऱ्यात कंपनी पूर्ण वॉरंटीवरच हात ठेवते. काही पुस्तिकांत दोन्ही वाक्यं दोन वेगळ्या पानांवर सापडतात, तेव्हा दोन्हींचे फोटो काढून ठेवा. वाढीव वॉरंटीचं कागदपत्र वेगळं असतं, त्याच्या अटी बहुधा जास्त कडक असतात. तेही वाचा.

यूट्यूबवर सांगतात की कंपनीने सिद्ध केल्याशिवाय वॉरंटी नाकारता येत नाही. तो मॅग्नसन-मॉस कायदा, अमेरिकेचा, १९७५ चा. तो आपल्याला लागू नाही. आपल्याकडे जवळचं काही असेल तर स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०१४ चा आदेश. १४ कारकंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड झाला, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारावी, असं त्यात म्हटलं. पुढे तो अपिलात गेला. पण तो विषय दुरुस्तीचा होता. इंजिनची ताकद वाढवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

आयोगात जायची वेळ आलीच, तर शुल्क नगण्य आहे. १० ते २० लाखांच्या वस्तूला ४०० रुपये. घोडं अडतं पुराव्यापाशी. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि तो खर्च तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. ट्यून केलेल्या इंजिनात दोष मूळचाच होता, असं तज्ज्ञाकडून लिहून घेणं किती अवघड आहे हे मी जवळून बघते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही, सदोष वस्तूमुळे इजा झाल्याबद्दल भरपाई मागायची झाली, तर त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असल्यास विक्रेत्याला बचाव मिळतो.

वॉरंटीच्या पलीकडचं दोन ओळींत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. नव्या आरसी कार्डावर सीसीच्या शेजारी शक्तीचाही रकाना असतो, बघा. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवता बदल केला तर अपघाताच्या क्लेममध्ये तो मुद्दा निघू शकतो. आणि टर्बो नुसताच निकामी झाला तर साधी मोटार पॉलिसी तसंही काही देत नाही, यांत्रिक बिघाड तिच्यातून वगळलेलाच असतो.

श्टुटगार्टकर
इकडचा अनुभव, तुलनेपुरता. जर्मनीत चिप ट्यूनिंग उघडपणे होतं, पण तपासणी संस्थेचा अहवाल घेऊन ते गाडीच्या कागदपत्रांत चढवावं लागतं. नाही चढवलं तर गाडीचा रस्त्यावर यायचा परवानाच रद्द ठरू शकतो. विम्यालाही कळवावं लागतं. काही ट्यूनर निर्मात्याच्या वॉरंटीच्या बदल्यात स्वतःची इंजिन-गॅरंटी विकतात. आपल्या ट्यूनरला हाच प्रश्न विचारा: इंजिन गेलं तर तुम्ही लेखी काय देता?

टॉपगिअर_सातारा
वर मी बिनधास्त लिहिलं, ते मागे घेतो. माझी वॉरंटी मुळात संपलेली होती, ते सांगायला हवं होतं. आणि माझी टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, तिला मॅन्युअलसारखा क्लच नाही, त्यामुळे वाढलेल्या ताकदीने तो घसरायचा प्रश्न नाही.

मनमाड_जंक्शन
माझी बीएस६ डिझेल आहे. ट्यूनर म्हणतो डीपीएफ (धुराचा फिल्टर) काढून टाक, ताकद आणि मायलेज दोन्ही वाढेल. करू का?

स्कॅनरवाला
नका करू. डीपीएफ काजळी अडवतो, म्हणून ती गाडी बीएस६ आहे. काढला की आतून धूर तसाच लोकांच्या छातीत जातो, आणि हे लपवताही येत नाही, गाडी जॅकवर घेतली की डबा कापून जोडलेलं वेल्डिंग दिसतं. डीपीएफ वारंवार भरत असेल तर तुमचं ड्रायव्हिंग गावातल्या गावात आहे का ते सांगा. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला एकसारख्या वेगात चालवली तर बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

आणि टॉपगिअर म्हणाले तो क्लचचा मुद्दा महत्त्वाचा आहे, माझ्याकडून राहिला होता. कंपनी टॉर्कची मर्यादा गिअरबॉक्स बघून ठेवते. उदाहरणार्थ, फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि त्यांचं दीड लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन मूळचंच २५० देतं. वर काही घालायला जागाच नाही.

गोदाकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. कालची संध्याकाळ ग्लव्ह बॉक्समधल्या पुस्तिकेत गेली. माझ्या पुस्तिकेत पान १७ वर 'मुळे झालेलं नुकसान' आहे. पण वाढीव वॉरंटीच्या कागदावर सरळ लिहिलंय की इंजिन कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये बदल आढळल्यास करार संपुष्टात. कलमताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी ते पान कधीच उघडलं नसतं.

ट्यूनरला फोन करून लेखी गॅरंटी मागितली. म्हणाला, "दादा, भरोसा ठेवा." मी नको म्हणालो.

आज सकाळी घाटात एक प्रयोग केला. कंटेनरच्या मागे तिसऱ्यात रेटण्याऐवजी आधीच दुसऱ्यात घेतली, २२०० वर ठेवली आणि मोकळी जागा दिसल्यावर निघालो. आवाज झाला, पण गाडी गेली. मागून आई म्हणाली, "आज एवढी चढली कशी?" एक विचारतो: चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला की आरपीएम वर जातो आणि वेग मागे राहतो, असं मला दोनदा वाटलं. हा माझा भास की आणखी काही?

स्कॅनरवाला
भास नाही, क्लच घसरत असावा. ४१ हजारांत लवकर आहे, पण घाटात अर्ध्या क्लचवर गाडी थोपवायची सवय असेल तर होतं. वॉरंटीत क्लच प्लेट सहसा झिजेचा भाग म्हणून येत नाही, पण प्रेशर प्लेट किंवा रिलीज बेअरिंगचा दोष निघाला तर विचारता येतं. या आठवड्यातच अधिकृत वर्कशॉपला दाखवा, जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या आणि प्रत मागा. ईसीयूला कोणी हात लावलेला नाही, तेव्हा निर्धास्त जा. काय निघालं ते इथे कळवा.