छातीवर बसणारं भूत आणि रात्रपाळी

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या एका मुलाला झोपेत छातीवर कुणीतरी बसल्याचं जाणवतं, हलता येत नाही, म्हणून घरचे देवऋष्याकडे निघालेत, असं एकाने लिहिलंय. कृपया थोडं थांबा. मुलगा खोटं बोलत नाहीये. हा निद्रापक्षाघात (स्लीप पॅरालिसिस) आहे.

स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातच धावत सुटू. कधी जाग आधी येते आणि हा सैलपणा काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं राहते. श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा श्वासाचा मुख्य स्नायू, चालू असतं, पण बरगड्यांचे स्नायू सैल. मुद्दाम खोल श्वास ओढायला गेलं की छातीवर ओझं वाटतं. मेंदूतलं भीतीचं केंद्र तेव्हा जागं असतंच. आणि ती 'कुणीतरी' व्यक्ती? 2006 साली स्वित्झर्लंडमध्ये मेंदूशास्त्रज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या गटाने अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) एका रुग्ण महिलेच्या डाव्या कानामागच्या वरच्या भागात, मेंदूला सौम्य वीज दिली, तर तिला मागे सावली जाणवू लागली. ती बसली की सावलीही बसायची! मेंदूतला स्वतःच्याच शरीराचा नकाशा विस्कटला होता. निद्रापक्षाघातातही असंच काहीसं होत असावं.

कामाची पाळी बदलल्यावर झोप तुटते, तेव्हा हे वाढतं. उताणं झोपू नये, कुशीवर झोपावं. दिवसा खोली अंधारी करून सलग सात तास झोप घ्यावी. झटका आल्यावर सगळं अंग हलवायची झटापट नको. फक्त पायाचा अंगठा हलवत राहावं, श्वास संथ ठेवावा. हसताना गुडघे लुळे पडत असतील किंवा दिवसा अनावर झोप येत असेल, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.