भरतीची वेळ आधी बघा

'पक्षी बघायचे तर पहाटेच जा' हे ठीक, पण किनाऱ्यावरच्या उद्यानात घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. ओहोटीला चिखलात चरणारे पक्षी पार लांब पांगतात, दुर्बिणीतूनही ठिपकेच. भरतीच्या तास-दोन तास आधी जाऊन बसा. पाणीच त्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. मग चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून किडा ओढणारा पक्षी निवांत बघता येतो. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

फोटोसाठी थव्यात घुसणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार! २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक स्थलांतरी किनारपक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता उडाला. दमूनभागून आलेल्यांना कशाला उठवायचं? आणि कोरड्या वाळूत एखादा चिखल्या पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत पळाला, तर त्याच्यामागे जाऊ नका. तुम्हाला अंड्यांपासून लांब नेण्याचं ते नाटक असतं. अंडी तुमच्या पायाशीच असतील, पाय जपून टाकत मागे फिरा.