मदत हवी आहे: अमिगा १२०० वर हाताने लिनक्स बसवतोय, पण पडदा काळाच राहतो

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे डोकं आपटून झालं, आता शरण आलोय. (कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, चालवून घ्या.)

यंत्र अमिगा १२००, म्हणजे कमोडोरच्या घरगुती संगणकाचं १९९२ चं मॉडेल. मूळचा प्रोसेसर ६८ईसी०२०, १४ मेगाहर्ट्‌झ, २ एमबी चिप रॅम. पोटाखालच्या झडपेत ५० मेगाहर्ट्‌झ ६८०३० चं ॲक्सिलरेटर कार्ड आहे, त्यावर ६८८८२ (गणिताचा जोड-प्रोसेसर) आणि ६४ एमबीची ७२ पिनी सिम, म्हणजे रॅमची पट्टी. हार्ड डिस्कच्या जागी ४ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश. किकस्टार्ट (अमिगाची रॉम) ३.१. अमिगाची बाजू ठणठणीत आहे, वर्कबेंच (अमिगाचा स्वतःचा डेस्कटॉप) चालतं, जुने खेळ चालतात.

इन्स्टॉलरच्या वाटेला गेलो नाही. या वेगात तो उघडायलाच युग लागतं, आणि मधेच अडकला तर कुठे अडकला तेही कळत नाही. म्हणून सगळं हाताने केलं:

एचडीटूलबॉक्समध्ये (अमिगाचं डिस्क विभागायचं साधन) कार्डाचे तीन भाग केले. पहिला वर्कबेंचचा, दुसरा स्वॅप (प्रकार ०x५३५७५०००), तिसरा लिनक्सचा (०x४सी४ई५८००). मग कार्ड यूएसबी रीडरमधून लॅपटॉपला जोडलं, तिसऱ्या भागावर ईएक्सटी४ घातली आणि मूळ डेबियन उतरवून घालणारं डीबूटस्ट्रॅप --आर्च=एम६८के --फॉरेन चालवलं (एम६८के म्हणजे ६८००० घराण्याचे प्रोसेसर). ते आधी सह्यांवरून कुरकुरत होतं. एम६८के आता डेबियन पोर्ट्समध्ये असल्यामुळे त्याची कीरिंग, म्हणजे सह्या तपासायच्या किल्ल्यांचा जुडगा, वेगळी लागते, ती घातल्यावर गप्प झालं. दुसरा टप्पा क्यूईएमयू-एम६८के-स्टॅटिक (प्रोसेसरचा एम्युलेटर) वापरून सीएचरूटमध्ये, म्हणजे कार्डावरच्या डेबियनच्या आत शिरून, पार पडला. तिथेच कर्नलचं पॅकेज बसवलं. त्यासोबत बनलेली इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल) भलतीच फुगलेली वाटली, म्हणून इनिटरामएफएसच्या कॉन्फमध्ये मॉड्यूल्स=मोस्टचं मॉड्यूल्स=डेप केलं. फाइल झकास बारीक झाली. कर्नल आणि इनिटआरडी वर्कबेंचच्या भागात टाकले आणि अमिगावर शेलमधून अमिबूट, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, चालवला:

अमिबूट-५.६ -डी -के कर्नल -आर इनिटआरडी रूट=/डेव्ह/एचडीए३ व्हिडिओ=व्हीजीए

अमिबूट रॅमचे तुकडे मोजून दाखवतं, कळ दाबायला सांगतं, मी दाबतो, पडदा काळा होतो. बस. अर्धा तास थांबून पाहिलं. आयडीईचा दिवासुद्धा लागत नाही. कॅप्स लॉकचा दिवा मात्र कळ दाबली की लागतो आणि विझतो, म्हणजे काहीतरी जिवंत आहे असं मला वाटतं.

कार्ड खराब आहे की मी?

जुनी फ्लॉपी

मांडणी व्यवस्थित केलीत, नाहीतर इथे बहुतेक जण "चालत नाही" एवढंच लिहून मोकळे होतात.

कॅप्स लॉकवर विश्वास ठेवू नका. अमिगाच्या कळफलकात स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो आणि तो दिवा तोच सांभाळतो. आत कर्नल मरून पडला असला तरी दिवा इमानेइतबारे लागेल.

पहिली शंका प्रोसेसरची. झडप उघडून चिपवरची अक्षरं वाचा. लिनक्सला एमएमयू (प्रोसेसरमधला मेमरी सांभाळणारा भाग) लागतोच. ६८०३० मध्ये तो आहे, ६८ईसी०३० मध्ये नाही, आणि ॲक्सिलरेटर कार्डं दोन्ही प्रकारांत येत असत. वर्कबेंचला एमएमयूशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे खेळ चालतात म्हणजे प्रोसेसर पुरा आहे असं समजू नका.

चिप बरोबर निघाली तर कर्नलच्या ओळीत डीबग=मेम जोडा. त्याने कर्नलचे संदेश चिप रॅममध्ये साठत जातात. काळा पडदा आला की पाच-सात मिनिटं थांबा, मग कंट्रोल-अमिगा-अमिगा दाबून रीसेट करा. वीज बंद करू नका, केलीत की गेलं सगळं. वर्कबेंच आल्यावर डीमेसेज नावाची छोटी उपयुक्तिका चालवा, ती साठलेले संदेश काढून देते. तिचा स्रोत कर्नलमध्येच आहे, एम६८केच्या टूल्समधल्या अमिगा फोल्डरमध्ये. अमिगावर कंपाइल करावी लागेल.

उगाच चौकशी

एक भाबडा प्रश्न. एवढी उस्तवार करण्यापेक्षा एम्युलेटरमध्ये का नाही चालवत? दहा मिनिटांत होईल, आणि वेगही जास्त.

धागाकर्ता

@उगाच चौकशी, एम्युलेटरमध्ये चालतंय हो. तिथे चालतं म्हणूनच इथे चालत नाही याचा राग येतोय.

@जुनी फ्लॉपी, झडप उघडली. चिपवर एमसी६८०३०आरसी५० असं आहे, मध्ये ईसी नाही. भिंग घेऊन दोनदा वाचलं.

डीबग=मेमची युक्ती म्हणजे जादू आहे. डीमेसेज कंपाइल करण्यातच एक संध्याकाळ गेली, पण कर्नल मेलेलाच नाही! सगळा बूट लॉग मिळाला: ६८०३० ओळखलाय, ६८८८२ ओळखलाय, रॅम बरोबर मोजलीय, बोगोमिप्स (कर्नलचं वेगाचं ढोबळ माप) १२ च्या आसपास. शेवटची ओळ "रन /इनिट ॲज इनिट प्रोसेस". त्यापुढे शांतता. म्हणजे कर्नलने आपलं काम उरकून सूत्रं इनिटआरडीकडे दिली, आणि पुढचं मला दिसत नाहीये.

तिसरा बिट

दिसत नाहीये कारण तुम्ही व्हिडिओ=व्हीजीए दिलंय. मॉनिटर कोणता? जुना आरजीबी असेल तर त्याला १५ किलोहर्ट्‌झच कळतं, आणि व्हीजीए मोड ३१ च्या आसपास फेकतो. व्हिडिओ=अमिएफबी:पाल करा, चित्र येईल.

आता न विचारलेलं सांगतो. तुमच्याकडे चित्र आलं की पडद्यावर एचडीए३ सापडत नाही अशी तक्रार असेल, पैज लावतो. तुम्ही वाचलेली मार्गदर्शिका जुनी आहे. डेबियनमध्ये एम६८के अधिकृतपणे आलं २.० सोबत, १९९८ मध्ये, आणि २००७ च्या ४.० पासून बाहेर पडलं. जालावरचं बहुतेक लिखाण त्या दरम्यानचं. तेव्हा आयडीईचा जुना ड्रायव्हर होता आणि डिस्कचं नाव एचडीए असायचं. तो सगळा जुना आयडीई विभाग २०२१ मध्ये कर्नल ५.१४ मधून काढून टाकला. आता अमिगाच्या 'गेल' चिपसाठी (आयडीई सांभाळणारी) पाटा_गेल हा ड्रायव्हर आहे, आणि तो लिबएटीए या नव्या विभागातला असल्यामुळे डिस्क एसडीए होते. रूट=/डेव्ह/एसडीए३ लिहा. एफएसटॅबमध्येही (डिस्कचे भाग जोडायची यादी) एचडीए लिहिलं असेल, तेही बदला.

धागाकर्ता

पैज जिंकलात. पाल केल्यावर कोपऱ्यात पेंग्विन आला (घरातले सगळे बघायला बोलावले, कुणाला काही कळलं नाही) आणि खाली तुम्ही म्हणालात तीच तक्रार: एचडीए३ अस्तित्वात नाही, शेलमध्ये सोडतोय.

एसडीए३ करून पाहिलं. आता एसडीए३ अस्तित्वात नाही म्हणतोय! इनिटरामएफएसचा प्रॉम्प्ट समोर लुकलुकतोय आणि कळफलक एक अक्षर उमटवत नाही. वर्कबेंचमध्ये हाच कळफलक नीट चालतो. आता हे काय नवीन?

जुनी फ्लॉपी

नवीन नाही, दोन्ही दुखणी एकच आहेत. डिस्क नाही, कळफलक नाही, आणि पडदा आहे कारण अमिएफबी (पडद्याचा ड्रायव्हर) कर्नलमध्येच भरलेला आहे. मॉड्यूल म्हणून, म्हणजे वेगळ्या फाइलमधला ड्रायव्हर म्हणून, यायला हवं होतं ते आलेलंच नाही. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं "फाइल झकास बारीक झाली" हे वाक्य मी तेव्हाच पकडायला हवं होतं.

मॉड्यूल्स=डेप म्हणजे काय ते बघा. तो "या यंत्राला काय लागतं" हे /सिसमध्ये (कर्नल यंत्राचे भाग जिथे मांडतो ती जागा) डोकावून ठरवतो. पण तुम्ही तो चालवलात कुठे? लॅपटॉपवरच्या सीएचरूटमध्ये. क्यूईएमयू फक्त प्रोसेसरचं सोंग घेतो, /सिस लॅपटॉपचीच असते. तिथे रूटची डिस्क यूएसबी रीडरवर दिसली, म्हणून त्याने यूएसबी स्टोरेजच्या मागे धाव घेतली. गेल चिप त्या बिचाऱ्याने जन्मात पाहिलेली नाही.

उपाय: मॉड्यूल्स=लिस्ट करा, आणि /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/मॉड्यूल्स या फाइलमध्ये एकेका ओळीवर पाटा_गेल, एसडी_मॉड, ईएक्सटी४ आणि अमिकेबीडी (कळफलकाचा ड्रायव्हर) लिहा. सीएचरूटमध्ये अपडेट-इनिटरामएफएस -यू चालवा. मग एलएसइनिटरामएफएसने फाइल उघडून चारही आत आहेत याची खात्री करा आणि तेव्हाच कार्ड अमिगात घाला. हे पाहणं दोन मिनिटांचं आहे आणि एका बूटची वाट बघणं किती मिनिटांचं, ते तुम्हाला आता माहीत आहे.

तिसरा बिट

+१. आणि कार्ड सारखं आत-बाहेर करताय म्हणून दोन गोष्टी. एचडीटूलबॉक्समध्ये वर्कबेंचच्या भागाचं मॅक्सट्रान्सफर (एका दमात किती डेटा हलवायचा ती मर्यादा) ०x१एफई०० आहे का बघा. कॉम्पॅक्टफ्लॅशवर तो आकडा मोठा असेल तर मोठ्या फाइली गुपचूप नासतात, आणि इनिटआरडी ही मोठीच फाइल. दुसरं, विंडोज असलेल्या संगणकात हे कार्ड घालून "डिस्क इनिशियलाइझ करू का" ला चुकूनही हो म्हणू नका. अमिगाची विभागणी कार्डाच्या अगदी सुरुवातीला लिहिलेली असते, विंडोज तिच्यावरच सही ठोकतं.

धागाकर्ता

लॉगिन!!!

चारही मॉड्यूल घातले, मॅक्सट्रान्सफरही सुधारलं (चुकीचं होतं, हे वेगळं सांगायला नको). पडद्यावर "एसडीए: आरडीएसके" अशी ओळ आली, तिच्यापुढे तिन्ही भाग नावानिशी, आणि आयडीईचा दिवा पहिल्यांदा लागला. त्या दिव्याकडे मी लॉगिनपेक्षा जास्त वेळ बघत बसलो होतो.

पीसीएमसीआयए खाचेत एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड आहे, एपीएनई ड्रायव्हरने ते लगेच उठलं. पण एपीटी अपडेट (पॅकेजांची यादी ताजी करणारी कमांड) म्हणतं की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. अजून? कीरिंग तर आहे.

जुनी फ्लॉपी

डेट एवढंच टंका आणि काय येतं ते बघा.

धागाकर्ता

१ जानेवारी १९७०.

समजलं. १२०० ला कारखान्यातूनच घड्याळ नाही. त्याच्या दृष्टीने ती फाइल अर्ध्या शतकानंतरची आहे. तारीख हाताने घातली, अपडेट सुरू झालंय. पॅकेजांची यादी वाचायला एवढा वेळ घेतोय की मधे मी जेवून आलो.

तिसरा बिट

फेक-एचडब्ल्यूक्लॉक बसवा. बंद करताना ते तारीख फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून सुरू करतं, निदान १९७० ला तरी परत जाणार नाही. नेटवर्क उठल्यावर एनटीपीने (जालावरून वेळ जुळवायची पद्धत) नेमकी वेळ घ्या. आणि दुसऱ्या संगणकावरून आत शिरायला एसएसएच बसवणार असाल तर आरएसएची यजमान-किल्ली बनवायला लावू नका, या प्रोसेसरवर फार रखडते. फक्त ईडी२५५१९ ही किल्ली ठेवा. बूटनंतर सगळं सुरू करणारा प्रोग्राम सिस्टिमडी असेल तर जुन्या, हलक्या सिसव्हीइनिटवर जा, ६४ एमबीमध्ये तेवढाच श्वास मोकळा होईल.

धागाकर्ता

सिसव्हीइनिट घातलं. लॉगिनला पोचायला आता चार मिनिटं कमी लागतात. एसएसएच चालू झालं, हा प्रतिसाद लॅपटॉपवरून अमिगात शिरून, तिथल्या मजकूर ब्राउझरमध्ये लिहायचा विचार होता, पण आजकालच्या एचटीटीपीएसची हातमिळवणी होईपर्यंत सर्व्हरने दोनदा कनेक्शन तोडलं. तेव्हा हा लॅपटॉपवरूनच.

@उगाच चौकशी, हो, एम्युलेटरमध्ये दहा मिनिटांत झालं असतं.

धाग्याच्या शीर्षकात "(सुटलं)" जोडायचं कुणी संपादकांनी केलं तर बरं होईल, मला संपादनाची सोय दिसत नाहीये.