बॅकडोर : मागचं दार, खिंडार की चोरदरवाजा?

प्रश्न : विज्ञानकथेत यंत्रणा बांधणारा अभियंताच तिच्यात स्वतःसाठी छुपा प्रवेश ठेवतो आणि पुढे त्यातून शत्रू शिरतो. या 'बॅकडोर'ला मराठीत काय म्हणावं? 'मागचं दार' मिळमिळीत वाटतं. 'खिंडार' चालेल का?

उत्तर : खिंडार नको. खिंडार पडतं किंवा बाहेरचा कोणी पाडतो. प्रोग्रॅममध्ये राहून गेलेली चूक हेरून कोणी आत घुसला, तर तिथे तो शब्द चपखल बसेल. बॅकडोर मात्र बांधतानाच ठेवलेला असतो. 'मागच्या दाराने' म्हटलं की आपल्याला वशिला आठवतो. परसदार तर घरातले सगळेच वापरतात, त्यात लपवाछपवी कसली?

म्हणून चोरदरवाजा. रायगडाची चोरदिंडी पाहा : टकमक टोकाकडे जाणाऱ्या तटबंदीत, बुरुजाच्या आतून पायऱ्या उतरून तिथे जावं लागतं. तट बांधणाऱ्यानेच ती ठेवली. १९८३च्या 'वॉरगेम्स' चित्रपटातही असंच आहे. युद्धयंत्रणेचा निर्माता आपल्या मुलाचं नाव परवलीचा शब्द म्हणून ठेवतो आणि एक शाळकरी पोरगा ते ओळखून आत शिरतो.

दुसरं उत्तर : चोरदरवाजा मान्य, पण खिंडाराला इतक्यात निरोप देऊ नका. खरा चोरदरवाजा पुष्कळदा खिंडाराचं सोंग घेतो. नोव्हेंबर २००३मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कोडच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसडल्या. वरवर ती साधी तपासणी दिसत होती : अमुक दोन पर्याय एकत्र आले आणि वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य असेल, तर चूक कळवा. पण तुलनेसाठी बरोबरची दोन चिन्हं लागतात, तिथे एकच होतं. एका चिन्हाने तुलना होत नाही, उजवीकडची संख्या डावीकडे भरली जाते. म्हणजे ते दोन पर्याय देणाऱ्याचा क्रमांकच शून्य व्हायचा, आणि शून्य म्हणजे रूट, यंत्रणेचा सर्वाधिकारी. कोडच्या मूळ भांडाराशी ही प्रत जुळेना, म्हणून ते उघडकीला आलं. वाचणाऱ्याला ही नजरचूकच वाटणार. तेव्हा कथेतल्या पात्रांनी आधी 'खिंडार' म्हणावं आणि हेतू उघड झाल्यावर 'चोरदरवाजा'. शब्द बदलला की वाचकालाही घात कळेल.

पुरवणी : परवलीचा शब्द आणि किल्ली यांतही गल्लत नको. शब्द ओळखता येतो, म्हणून जुन्या कथांतला नायक आत जाऊ शकतो. २०२४मध्ये एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सापडलेला चोरदरवाजा, तो ठेवणाऱ्याच्या खासगी किल्लीशिवाय, म्हणजे अंदाजाने ओळखता न येणाऱ्या लांबलचक गुप्त संख्येशिवाय, उघडतच नव्हता. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा शोध घेताना तो सापडला. अशा दरवाजापुढे नायकाला बसवून शब्द ओळखायला लावलंत, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

आणि क्रियापद सांभाळा : चोरदरवाजा 'ठेवतात' किंवा 'बसवतात', 'पाडत' नाहीत. लेखननियमांप्रमाणे सामान्यरूप 'दरवाजा'च राहतं, म्हणून 'चोरदरवाजाने', 'चोरदरवाजातून'.