शाळेच्या ग्रंथपेटीसाठी नवी चित्रपुस्तकं : ठाण्यातून खरेदी आणि निवड

प्रेषक: प्रसाद, ग्रंथपेटी समिती
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

इंग्लंडातल्या आपल्या रविवारच्या मराठी शाळेसाठी साठेक नवी पुस्तकं घ्यायला कार्यकारिणीने मंजुरी दिली आहे. वयोगट 4 ते 11. खरेदी ठाण्यातून करायची आणि दिवाळीनंतर पेटी इंग्लंडात पोचवायची, असा बेत आहे. पालकांची मागणी एकच : पुस्तकांतली सगळी मुलं एकाच घरातली, एकाच रंगाची, एकाच आडनावाच्या गटातली असू नयेत. आपल्या वर्गात मिश्र कुटुंबांतली मुलं आहेत, मराठी बोलणारी मुसलमान मुलं आहेत, श्रवणयंत्र वापरणारी मुलं आहेत.

इंग्रजी पुस्तकांची या बाबतीत इथे मोजदाद होते. सेंटर फॉर लिटरसी इन प्रायमरी एज्युकेशन या संस्थेने 2018 मध्ये पहिला अहवाल काढला. 2017 साली ब्रिटनमध्ये निघालेल्या बालपुस्तकांपैकी फक्त 4 टक्क्यांत कृष्णवर्णीय, आशियाई किंवा इतर अल्पसंख्य वंशांची पात्रं होती आणि मुख्य पात्र तसं असलेली पुस्तकं जेमतेम 1 टक्का. मराठी पेटी भरताना हे भान आपल्यालाच ठेवावं लागेल. ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रसाद

---

प्रेषक: मेधा, नौपाडा, ठाणे
प्रति: सर्व सभासद

प्रसाद, एक विनंती आधी : यादी पाठवून पुस्तकं मागवू नका. मुखपृष्ठावर सावळी मुलगी असते आणि आत गोष्ट तिच्या वर्गमित्राची निघते. पुस्तक हातात घेऊन पहिलं, मधलं आणि शेवटचं पान वाचायला चार मिनिटं लागतात. साठ पुस्तकांना दोन दुपारी पुरतात. शंका असेल ते पुस्तक एखाद्या सभासदाने मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणून आधी मुलांपुढे वाचून पाहावं. 1893 पासून चालू असलेली ही संस्था ठाण्यात हाताशी आहे, तिचा उपयोग करून घ्या.

निवडताना मी एकच गोष्ट सर्वांत आधी बघते : अडचण कोण सोडवतं? ज्या मुलामुळे पुस्तक 'वेगळं' म्हणून विकलं जातं ते मूल स्वतः काही ठरवतं का, चुकतं का, हट्ट करतं का? की बाकीच्या मुलांना दयाळूपणा शिकवण्यापुरतंच ते पानावर आलंय? दुसऱ्या प्रकारची पुस्तकं भरपूर निघतात. हेतू चांगला असतो, पण मुलं ती दुसऱ्यांदा मागत नाहीत आणि ज्या मुलासाठी आपण ती घेतो त्याला तर ती अजिबात नको असतात.

आता आपल्याकडचे नेहमीचे घोटाळे सांगते. वारली मुलगा म्हटलं की चित्रकार पानाच्या कडेने त्रिकोणी माणसांची नक्षी काढतो. ती चित्रं गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात आणि तिथली मुलं त्या चित्रांच्या आत राहत नाहीत. 2014 मध्ये ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात आज वारली मूल गणवेश घालून दप्तर घेऊन आश्रमशाळेत जातं. ते तसं दिसलं तर पुस्तक घ्या. कोळी किंवा आगरी मुलगी नाचाच्या पोशाखातच दिसली तर ठेवून द्या. दिवा कोळीवाडा, घणसोली, करावे इथल्या मुलींना भरती-ओहोटी कळते आणि सातच्या शाळेची बसही पकडायची असते. मुसलमान मूल फक्त ईदच्या पानावर शिरखुर्मा घेऊन येत असेल तर तेही पुरेसं नाही. राबोडी, मुंब्रा, भिवंडीतलं मूल क्रिकेट हरतं, दात पडल्यावर रडतं, गृहपाठ विसरतं. ते ज्यात दिसतं ते पुस्तक शोधा.

रंगाबद्दल नीट बघा. सावळा चेहरा छापताना काळी शाई जास्त पडली की नाक-डोळ्यांच्या रेषा बुजतात आणि चेहऱ्याचा नुसता डाग उरतो. दुकानातल्या दिव्याखाली हे कळत नाही, पुस्तक दाराशी नेऊन उजेडात पाहा. एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींतही फरक पडतो, म्हणून दोन-तीन प्रती चाळून चांगली निवडा. आणि कथेतला खोडकर, चोर किंवा मठ्ठ मुलगाच तेवढा सर्वांत काळा रंगवलेला नाही ना, हेही तपासा. हे अजून होतं.

'नवं' ही खूणगाठ मुखपृष्ठावरून बांधू नका. आतल्या पानावर पहिली आवृत्ती कधीची आणि हे पुनर्मुद्रण कधीचं ते दिलेलं असतं. जुन्या पुस्तकाला नवं मुखपृष्ठ चढवणं सर्रास चालतं. जुनं पुस्तक चांगलं असेल तर जरूर घ्या, पण नवं म्हणून मोजू नका.

प्रकाशकांपैकी पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन, चेन्नईचं तूलिका, बंगळुरूचं प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्ट एवढे आधी पाहा. तूलिका नऊ भाषांत पुस्तकं काढतं, त्यात मराठी आहे. त्यांची इंग्रजी-मराठी द्विभाषिक पुस्तकं घरात एकच पालक मराठी असलेल्यांना फार सोयीची पडतात. पिनबांधणीचं 24 पानी पुस्तक साधारण 60 ते 200 रुपयांत येतं.

भाषांतरित पुस्तकाची दोन पानं मोठ्याने वाचा. आपली जीभ अडखळली तर तिथल्या मुलांची नक्कीच अडखळणार. अक्षरंही बघा : काही पुस्तकांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. आपल्या शाळेत मराठी वळण शिकवतात, त्यामुळे नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथेच थांबतं. मोठ्या मुलांना अडचण येत नाही.

मेधा

---

प्रेषक: शर्मिला, नेरूळ
प्रति: सर्व सभासद

मेधाताईंच्या पत्राला जोडून अपंग मुलांच्या पुस्तकांबद्दल लिहिते. विशेष मुलांच्या शिक्षणात चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, पांढरी काठी अशी साधनं रोज हाताळावी लागतात आणि चित्रांत नेमकी तीच चुकतात.

चाकाची खुर्ची : रुग्णालयात असते तशी जड, मोठ्या हाताची, मागून कोणीतरी ढकलतंय अशी काढलेली असेल तर ते मूल पुस्तकात पाहुण्यासारखंच राहतं. स्वतः चालवायच्या खुर्चीला मागच्या मोठ्या चाकांवर हाताने फिरवायची कडी असते, पाठ आखूड असते, पाय पायपट्टीवर नीट टेकलेले असतात. मुलाचे हात त्या कडीवर दिसले पाहिजेत. शाळेच्या चित्रात उतार काढलाय का तेही पाहा. तीन पायऱ्या काढून मूल वर पोचलेलं दाखवणारी पुस्तकं आहेत, आणि मुलं ते लगेच विचारतात.

श्रवणयंत्र : कानामागचं यंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) यांत गल्लत होते. पहिल्यात कानामागच्या तुकड्यातून बारीक नळी कानातल्या साच्यात जाते. दुसऱ्यात कानामागचा तुकडा असतोच, शिवाय त्याच्या वायरीला जोडलेली गोल चकती डोक्यावर केसांत चिकटलेली असते. आपल्या वर्गात ज्यांना जे आहे तेच त्यांना चित्रात दिसायला हवं, म्हणून पालकांना आधी विचारून घ्या.

खुणांची भाषा : मागच्या पानावर बोटांची अक्षरं दिली असतील तर हात मोजा. इंग्रजी अक्षरांसाठी भारतीय खुणांची भाषा बहुतेक दोन हात वापरते, ब्रिटिशही दोन हातांची आहे. अमेरिकी एका हाताची. भारतात छापलेल्या पुस्तकात इंग्रजी अक्षरांचा एका हाताचा तक्ता दिसला तर तो बहुधा अमेरिकी पुस्तकातून उचललेला आहे आणि तुमच्याकडच्या मुलांना तो उपयोगाचा नाही.

पांढरी काठी म्हाताऱ्याच्या काठीसारखी कमरेएवढी काढतात. ती उभी धरली तर मुलाच्या छातीच्या हाडापर्यंत किंवा त्याहून वर यायला हवी आणि चालताना पुढे, जमिनीलगत असायला हवी.

मजकुरात 'बिचारा', 'तरीसुद्धा हुशार', 'देवाने दुसरं काही दिलं' असं आलं की पुस्तक बाजूला ठेवा. मूल शेवटच्या पानावर बरं होतं ती पुस्तकंही नकोत.

शर्मिला

---

प्रेषक: प्रसाद
प्रति: सर्व सभासद

मेधाताई, शर्मिलाताई, मनापासून आभार. दोन प्रश्न उरतात. आफ्रिकी पालक असलेल्या मुलांसाठी मराठीत काय मिळेल? आणि पेटी ठाण्याहून नोव्हेंबरात निघाली तर बांधणी कशी करावी?

---

प्रेषक: अनिल, कोपरी, ठाणे
प्रति: सर्व सभासद

प्रसाद,

पहिल्याचं उत्तर स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेला हा इंटरनेटवरचा मुक्त संग्रह आहे. 2014 मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकन स्टोरीबुक उपक्रमातल्या गोष्टीही त्यावर आहेत आणि खेड्यातली, शहरातली, बाजारातली आफ्रिकी मुलं त्यांत मुख्य पात्रं आहेत. मराठी रूप आहे का ते भाषेच्या चाळणीने बघायचं, नसेल तर मंडळातल्या जाणकाराने भाषांतर करून तिथेच चढवायचं. परवाना उतरवणे, छापणे, वाटणे सगळ्याला मुभा देतो, फक्त लेखक, चित्रकार आणि भाषांतरकाराचं श्रेय द्यावं लागतं. म्हणून छापताना शेवटची श्रेयाची पानं गाळू नका.

पुस्तकांना 1 ते 4 पातळ्या आहेत. पहिली 250 शब्दांच्या आतली, चौथी 1500 च्या वरची. परदेशात वाढलेल्या मुलाची पातळी वयावरून ठरवू नका. नऊ वर्षांच्या मुलाला पहिली-दुसरी योग्य ठरते, मात्र विषय बाळबोध नको.

छपाई : पानांची संख्या चारच्या पटीत आणा, कमी पडलं तर कोरं पान घाला. 24 पानांना ए-4 चे 6 कागद लागतात, दोन्ही बाजूंनी, आखूड कडेवर उलटून. लांब कड निवडली तर एकाआड एक पानं उलटी येतात. ए-4 चं ए-5 झालं की अक्षर 71 टक्क्यांवर येतं, म्हणून चौथ्या पातळीचं पुस्तक असं लहान करू नका. कागद चौरस मीटरला 100 ते 120 ग्रॅमचा घ्या. 70 ग्रॅमच्या कागदावर गडद चित्रं मागून दिसतात आणि पान वळतं. सहा कागदांपर्यंत लांब दांड्याचा स्टेपलर पुरतो. मेधाताई म्हणतात त्या चेहऱ्यांसाठी एक पान आधी छापून पाहा. मसुदा (ड्राफ्ट) दर्जाने छापलं तर सावळा रंग नारिंगी होतो.

आता पेटी. 24 पानी पुस्तक सुमारे 100 ग्रॅम भरतं, साठ पुस्तकं 6 किलो. पुठ्ठा बांधणीची दहा-बारा असली तर आणखी 4 किलो धरा. एकच पाच थरांचा खोका 10-12 किलोच्या आत ठेवा, त्याच्यावर गेला की कोपरे फुटतात. पुस्तकं आडवी, पिनेच्या कडा आलटून पालटून, नाहीतर ढीग एका बाजूला फुगतो. रद्दी भरू नका, शाई लागते. कोपऱ्यांत कोरा कागद चुरगळून भरा.

खरा शत्रू इथली दमट हवा. पावसाळ्यात घेतलेली पुस्तकं ठेवून नोव्हेंबरात पाठवली तर पिना गंजलेल्या असतात आणि गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटून सोलतात. ऑक्टोबरात ऊन पडल्यावर खरेदी करा, दहा-दहाचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधा, प्रत्येकात सिलिका जेलची पुडी टाका. ओलसर पुस्तक प्लास्टिकमध्ये बांधलं की बुरशी ठरलेली, म्हणून आधी दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवा.

टपालाने पाठवायचं तर सीमाशुल्काच्या कागदावर 'लहान मुलांची चित्रपुस्तकं' असं स्पष्ट लिहा, सोबत सीमाशुल्काच्या यादीतला त्यांचा क्रमांक 4903. नुसतं 'भेटवस्तू' लिहिलं की खोका उघडला जातो. ब्रिटनमध्ये पुस्तकांवर व्हॅट शून्य आहे, पण सोबत खेळणं किंवा रंगखडूचा संच असला तर हिशेब बदलतो. ते वेगळं पाठवा. दुकानाचं बिल, प्रती आणि किंमत यांसह, आत एक आणि बाहेर पाकिटात एक. कोणी सभासद डिसेंबरात ठाण्याहून परतणार असतील तर 23 किलोच्या बॅगेत 10 किलो पुस्तकं सहज बसतात आणि ते सर्वांत स्वस्त.

शर्मिला, 15 ऑक्टोबरच्या आठवड्यात तुम्ही नेरूळहून ठाण्याला आलात तर अपंगत्वावरची पुस्तकं तुमच्या नजरेखालून घालून मगच बिल करू. प्रसाद, वर्गातली मुलं वापरतात ती श्रवणयंत्रं वगैरे साधनं आणि त्यांच्या घरच्या भाषा यांची माहिती पालकांच्या परवानगीने, नावं न घालता, तोवर पाठव.

अनिल